बँकेतून भरल्यास ६० पौंड सूट: घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत चौघांना लंडनहून तुर्कस्तानातल्या अंताल्याला जायचंय. सहलीच्या ठिकाणांनाच विमानं सोडणाऱ्या एका छोट्या कंपनीची तिकिटं १,१८० पौंडांत मिळताहेत. पैसे थेट बँकेतून भरले तर ६० पौंड सूट. हॉटेलसकट पॅकेज १४० पौंड जास्त पडतं म्हणून तुम्ही ते बाजूला ठेवलंय. कंपनीची ओढाताण चालल्याचं कानावर आलंय. घ्यावीत का?

बँकेतून भरून अजिबात घेऊ नका. मला ती सूटच खटकते. विमान कंपनी डळमळली की कार्डाचे व्यवहार सांभाळणाऱ्या संस्था प्रवास होईपर्यंत तिची रक्कम अडकवून ठेवतात. रोकड हवी असलेली कंपनी मग गिऱ्हाइकाला बँकेच्या वाटेने वळवते. म्हणजे तुम्ही तिला ६० पौंडांसाठी विनातारण उसने पैसे देणार. बुडाली, तर तिच्याकडून पैसे येणं असलेल्यांच्या रांगेत तुम्ही अगदी मागे.

या धंद्यात उन्हाळ्यात गल्ला भरतो, विमानांचं भाडं मात्र बारा महिने चालू. हिवाळा निघतो तो पुढच्या तिकिटांच्या आगाऊ पैशांवर. मोनार्क या ब्रिटिश विमान कंपनीचं काय झालं? इजिप्त, ट्युनिशिया, तुर्कस्तानकडे जायला लोक कचरू लागले, सगळ्या कंपन्या स्पेन-पोर्तुगालवर तुटून पडल्या, तिकिटांचे दर पडले. त्यात २०१६च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतानंतर पौंड घसरला, आणि इंधन तर डॉलरमध्ये. २ ऑक्टोबर २०१७ला कंपनी बंद. परदेशात असलेल्या सुमारे १,१०,००० प्रवाशांना परत आणण्याची सोय सरकारने केली. पण घरी बसून सुट्टीची वाट पाहणाऱ्यांपैकी ज्यांनी अलीकडे नुसतं तिकीट घेतलं होतं, त्यांना ॲटॉलचं, म्हणजे कंपनी बुडाली तर सहलीचे पैसे परत देणाऱ्या ब्रिटनच्या हमी योजनेचं, संरक्षण नव्हतं. त्यांची भिस्त कार्डावर.

म्हणून माझं मत: १४० पौंड जास्त पडणारं जे हॉटेलसकट पॅकेज तुम्ही बाजूला ठेवलंय, तेच घ्या. पैसे भरताच ॲटॉलचं प्रमाणपत्र हातात आलं पाहिजे. शाळकरी मुलं बरोबर असताना एवढी रक्कम मला जड वाटत नाही.

नुसती तिकिटंच हवी असतील तर क्रेडिट कार्डाने, थेट कंपनीकडून. ब्रिटनच्या १९७४च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम ७५ प्रमाणे विकणारी कंपनी बुडाली तर क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकेकडून पैसे मागता येतात; ते १०० पौंडांहून महाग वस्तूला लागू होतं. तुमचं एकेक तिकीट २९५चं, म्हणजे बसतं. मधे एजंट आला तर हा हक्क निसटू शकतो. डेबिट कार्डावर बँकेकडे परतावा मागता येतो, पण त्यामागे कायदा नाही.

आणि या वाटेने गेलात तर हॉटेल मोफत रद्द करता येणारंच घ्या. विमान गेलं नाही म्हणून हॉटेलवाला पैसे परत करेलच असं नाही.