फीचा हिशेब करताना वर्क-स्टडीची रक्कम धरू नका

सप्रेम नमस्कार ताई,

मुलाला न्यू जर्सीतील कॉलेजकडून आलेल्या आर्थिक मदतीच्या पत्रात ‘फेडरल वर्क-स्टडी : २,४०० डॉलर’ असे लिहिले आहे, पण ऑगस्टच्या बिलातून ही रक्कम वजा झालेली नाही, तेव्हा कॉलेजची काही चूक झाली आहे का, असे तुम्ही विचारले आहे. चूक झालेली नाही. ग्रँट आणि कर्जाच्या रांगेतच हा आकडा छापलेला असल्यामुळे पालकांचा हमखास असा समज होतो, आणि ऐन फी भरण्याच्या वेळी घरात जी ओढाताण होते ती मी दरवर्षी पाहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हे २,४०० डॉलर मुलाला मिळालेले नाहीत; वर्षभरात या योजनेतून काम करून तो जास्तीत जास्त किती कमवू शकेल, याची ती मर्यादा आहे. काम त्याने स्वतः शोधायचे, अर्ज करायचा, निवड झाली तर तासांप्रमाणे पगार घ्यायचा. आणि काम मिळेलच अशी हमी बहुतेक कॉलेजे देत नाहीत. समजा ताशी १६ डॉलर मिळाले, तर एका सत्राच्या वाट्याचे १,२०० डॉलर ७५ तासांत पुरे होतात, म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला अवघे पाच तास. अभ्यास सांभाळून हे सहज जमते. मात्र तासिकेच्या वेळेत काम करता येत नाही.

पगार महिन्यातून किमान एकदा द्यावाच लागतो आणि तो सहसा मुलाच्या बँक खात्यात जमा होतो. त्याने लेखी संमती दिली तर कॉलेज तो फीच्या खात्यातही वळते करते, पण पहिला पगार हाती येईपर्यंत सप्टेंबर उजाडलेला असतो, म्हणून ऑगस्टच्या बिलाची सोय तुम्हाला वेगळीच करावी लागेल. पगाराचे पैसे पुस्तके, प्रवास आणि किरकोळ खर्चासाठी ठेवावेत, असे मी सुचवेन.

१९६४ साली सुरू झालेल्या या योजनेत पगाराचा साधारणपणे ७५ टक्क्यांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार उचलते, त्यामुळे ग्रंथालयाला किंवा प्रयोगशाळेला असा विद्यार्थी ठेवणे परवडते. मर्यादा संपली की संपूर्ण पगार त्या विभागाच्या अंगावर पडतो आणि पुष्कळदा काम तिथेच थांबते. या कमाईवर प्राप्तिकर लागू असला, तरी पुढच्या वर्षीच्या ‘फाफ्सा’ अर्जात (सरकारी शैक्षणिक मदतीसाठी दरवर्षी भरायच्या अर्जात) मदत ठरवताना ती मुलाच्या उत्पन्नातून वगळली जाते. बाहेरच्या दुकानातील नोकरीला ही सवलत नाही, आणि माझ्या मते या योजनेचा हा सर्वांत मोठा फायदा आहे.

एफ-१ व्हिसावर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, येणाऱ्या तुमच्या पुतण्याला मात्र ही योजना लागू नाही. सत्र चालू असताना त्याला कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत साधी नोकरी करता येईल.

तुम्ही साताऱ्याला ‘कमवा आणि शिका’मध्ये काम करून शिकलात, असे लिहिले आहे. ते मुलाला आवर्जून सांगा, आणि त्याला आठवड्याभरातच अर्ज करायला लावा, कारण चांगली कामे सत्र सुरू होण्याआधीच भरतात. शिवाय वसतिगृहात जाताना त्याच्याजवळ मूळ पासपोर्ट द्या. रुजू झाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत आय-९ फॉर्मसाठी (अमेरिकेत नोकरी करण्याचा हक्क तपासणारा फॉर्म) मूळ कागदपत्रे दाखवावी लागतात आणि झेरॉक्स चालत नाही. गेल्या वर्षी माझ्याकडच्या एका मुलीचा पासपोर्ट घरच्या कपाटात राहिला आणि ग्रंथालयातील तिची जागा दुसऱ्याला गेली.