आई ए पॉझिटिव्ह, वडील बी पॉझिटिव्ह, बाळ ओ निगेटिव्ह : असं होऊ शकतं का?

होऊ शकतं. तुम्ही ए पॉझिटिव्ह, मिस्टर बी पॉझिटिव्ह, बाळाच्या रिपोर्टवर ओ निगेटिव्ह आणि सासरी कुजबुज. पुण्यात घरटी एक सायन्स ग्रॅज्युएट सापडेल, तरी असा रिपोर्ट आला की जाब सुनेलाच द्यावा लागतो, याची मला मनस्वी चीड आहे.

कागद घ्या. रिपोर्टवर ए दिसतो तेव्हा आत एए असेल किंवा एओ. पॉझिटिव्ह म्हणजे ++ किंवा +−. ओ आणि − सोबत दुसरं जनुक असलं की दबून राहतात. बाळ ओ निगेटिव्ह आहे, म्हणजे ओ आणि − ही दोन्ही जनुकं त्याला दोघांकडून आलीत. म्हणून तुम्ही एओ, +− आणि मिस्टर बीओ, +−. चार बाय चार घरांचा चौकोन आखा. वरच्या ओळीत तुमची युग्मकं (बीजपेशी) लिहा: ए+, ए−, ओ+, ओ−. डावीकडे त्यांची: बी+, बी−, ओ+, ओ−. पोरं इथेच चुकतात, 'एओ' असं एकच युग्मक लिहून मोकळी होतात. एका युग्मकात प्रत्येक जोडीतलं एकच जनुक जातं.

सोळा घरं भरा. एबी, ए, बी, ओ प्रत्येकी चार घरांत येतात. त्या चारांतली तीन पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. ओ निगेटिव्ह सोळात एक. एबीओचं जनुक नवव्या गुणसूत्रावर, आरएचचं (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारं) पहिल्यावर, म्हणून ¼ × ¼ हा सरळ गुणाकार चालतो. पुढच्या बाळालाही शक्यता तीच, सोळात एक. चौकोन दर खेपेला नव्याने मांडला जातो, 'एकदा येऊन गेला, आता नाही येणार' असला हिशोब त्यात नाही.

तुमच्या आईवडिलांपैकी कुणी ओ असेल तर तुम्ही एओ आहात हे वेगळंही सिद्ध होतं. दोघांपैकी कुणीच ओ नसेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता रक्तगटाचा विषय निघालाच आहे तर. बायोडेटात रक्तगटाचा रकाना असतो, आणि 'दोघांचा एकच आहे, नको' म्हणून चांगली स्थळं परत जातात. हा शुद्ध अडाणीपणा आहे. नवराबायको दोघंही बी पॉझिटिव्ह असल्याने बाळाला काहीही होत नाही. काळजी घ्यावी लागते ती बाई निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर, आणि त्यावर अँटी-डी इंजेक्शन आहे: साधारण 28व्या आठवड्यात 300 मायक्रोग्रॅम, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांत पुन्हा. तुमचं बाळ मुलगी असेल तर तिच्या फाइलमध्ये हे आजच लिहून ठेवा.

लग्नाआधी काही तपासायचंच असेल तर थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासा. दोघंही मायनर, म्हणजे एका सदोष जनुकाचे वाहक, असतील तर चार घरांचा चौकोन पुरतो: दर गरोदरपणात मेजरची शक्यता 25 टक्के, मायनर 50, निर्दोष 25. मेजर म्हणजे बहुतेकदा जन्मभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं. 'ते सिंधी, लोहाणा लोकांत असतं' म्हणून सदाशिव पेठेने निश्चिंत राहू नये. सीबीसीत (रक्ताच्या साध्या तपासणीत) एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, 80 च्या खाली दिसला की एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी चाचणी) करा. एचबी-ए2 हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन-चार टक्क्यांच्या वर म्हणजे बहुधा मायनर. पत्रिकेतले छत्तीस गुण त्यानंतर मोजा, माझी हरकत नाही.

काही गोष्टी राहिल्या. चौकोन पितृत्व सिद्ध करत नाही, 'अशक्य' म्हणणाऱ्याला गप्प करतो इतकंच; पितृत्वाचा निकाल डीएनए चाचणीच देते. उंची, रंग, डोळे यांना अनेक जनुकं लागतात, तिथे हा चौकोन मांडत बसू नका. नवजात बाळात ए-बी प्रतिजन (तांबड्या पेशींवरच्या गट ठरवणाऱ्या खुणा) कमजोर असतात, त्यामुळे वर्षभराने गट पुन्हा तपासून घ्या, सेल (तांबड्या पेशी) आणि सीरम (रक्तद्रव) दोन्ही बाजूंनी. 1952 साली मुंबईत सापडलेला दुर्मिळ बॉम्बे गटही साध्या तपासणीत ओ म्हणूनच दिसतो. तो वगळायला अँटी-एच (तो गट ओळखणारं द्रावण) लावायला सांगा. आणि एचपीएलसी करताना गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं नसावं. लोह कमी असेल तर एचबी-ए2 खोटा खाली दिसतो, म्हणून फेरिटिनही (लोहाच्या साठ्याची तपासणी) त्याच वेळी करून घ्या.