सेल्फ मारला की नुसतं कट कट कट

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत निम्म्याच्या वर पत्रं दुचाकीच्या बॅटरीची आहेत आणि जवळपास प्रत्येकात एकच वाक्य आहे, "मेकॅनिक म्हणतो नवीन टाका". म्हणून या वेळी टायर, मायलेज वगैरे बाजूला ठेवून फक्त बॅटरीच घेतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, दोन-तीनशे रुपयांचा एक डिजिटल मल्टीमीटर घरात आणून ठेवा, खालची निम्मी उत्तरं तोच देतो.

प्रश्न : तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. माझ्याकडे बीएस सिक्स (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) १२५ सीसी गाडी आहे, किक नाही. घर ते मळा दीड-दोन किलोमीटर, दिवसातून पाच-सहा खेपा होतात. दोन वर्षांत दुसरी बॅटरी गेली. छाटणीनंतर फवारणीला पहाटे निघायचं असतं आणि नेमकं तेव्हाच सेल्फ मारला की कट कट कट. बॅटऱ्या डुप्लिकेट येतात का हल्ली?

उत्तर : दादा, डुप्लिकेट माल बाजारात आहेच, पण तुमचं प्रकरण मला तसं वाटत नाही. तुमची बॅटरी उपाशी राहतीय. बघा, सेल्फ मारताना तीस-चाळीस किंवा त्याहून जास्त अँपिअरचा करंट एका झटक्यात जातो, आणि तो भरून यायला गाडी नीट आरपीएमवर पाच-दहा मिनिटं पळायला लागते, तुम्ही मळ्याच्या वाटेनं चिखलातनं पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे चाललेला असता, बीएस सिक्समुळं फ्युएल पंप, इंजेक्टर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) हे सगळं बॅटरीच्या जिवावर, वर हेडलाईट कायम चालू (एप्रिल २०१७ पासून नवीन गाड्यांना तो बंद करायचं बटणच नाही). म्हणजे काढायचं रोज आणि भरायचं थोडं थोडं. पाच-सहा खेपा म्हणजे पाच-सहा सेल्फ नव्हे तर जाताना-येताना मिळून दहा-बारा, आणि मधे कुठं डाळिंबवाल्याशी बोलायला थांबलात की अजून एक.

बॅटरी अर्धवट चार्जवर राहिली की आतल्या प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. ताजं असतं तोवर चार्जिंगनं विरघळतं, पण आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की त्याचे खडे घट्ट होतात आणि मग कितीही चार्ज करा, ते येत नाही. बॅटरी जुनी होऊन मरण्यापेक्षा अशी मरणाऱ्याच जास्त बघितल्यात मी.

आता मोजायचं कसं. रात्री गाडी लावली की सकाळी चावी न फिरवता मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या प्लस-मायनसला लावा. १२.६ ते १२.८ दिसलं तर पोट भरलेलं आहे, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धं, १२ च्या खाली गेलं म्हणजे तिला चार्जिंगलाच लावायला पाहिजे. मग दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा बघा, साडेनऊ-दहाच्या खाली कोसळला आणि बॅटरी फुल चार्ज करूनही तसाच कोसळत असेल तर ती गेली. आणि तिसरं, गाडी चालू करून रेस थोडी चढवा, १३.८ ते १४.५ च्या मधे आकडा यायला पाहिजे. तेरापण येत नसेल तर दोष बॅटरीचा नाही, मॅग्नेट कॉईल (वीज तयार करते ती) नाहीतर आरआर युनिट (ती वीज मापात ठेवून बॅटरीला देतं ते) बघा, नाहीतर तिसरी बॅटरीपण तशीच जाणार.

उपाय सोपा आहे. महिन्यातनं एकदा बॅटरी काढून रात्रभर चार्जरला लावायची, पण चार्जर छोटा पाहिजे, अँपिअर अवरच्या (एएच, म्हणजे बॅटरीत किती मावतं तो आकडा) एक दशांश हा हिशोब, म्हणजे चार एएचच्या बॅटरीला ०.४ अँपिअर. गावात ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करतो तो माणूस तुमची एवढीशी बॅटरी त्याच लाईनीत जोडून देईल, त्याला नाही म्हणा, ती उकळून निघते. आणि आठवड्यातनं एकदा तरी तासगावला किंवा सांगलीला जायचं काम याच गाडीवर काढा.

पहाटे अडकलातच तर ट्रॅक्टर दारात आहे ना. ट्रॅक्टर बंद ठेवून प्लसला प्लस जोडा, मायनसची वायर गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा आणि सेल्फ मारा, १२ व्होल्ट ते १२ व्होल्ट, काही होत नाही. पण ऊसवाहतुकीच्या ट्रकवरनं हा उद्योग कधी करू नका, तिथं दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेलं असतं, ईसीयू जागेवर जळतो आणि त्याची किंमत ऐकून द्राक्षाचा भाव आठवेल.

प्रश्न : मी मिरजेत इंजिनिअरिंगला आहे. बाईकला दोन फॉग लाईट आणि मोठा हॉर्न लावलाय. बॅटरी ४ एएचची आहे, मित्र म्हणतात ९ एएचची टाक, सगळं झकास चालेल. टाकू का?

उत्तर : भावा, बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी, मोटर नव्हे. टाकी मोठी केली म्हणून विहिरीला पाणी वाढत नाही. तुझ्या गाडीत वीज तयार करते ती मॅग्नेट कॉईल, ती आहे तेवढीच राहणार. वीस-वीस वॅटचे दोन फॉग म्हणजे ४० वॅट, म्हणजे सव्वातीन अँपिअरच्या वर, इंजिन बंद करून कट्ट्यावर तासभर लावून बसलास तर चार एएचची टाकी जवळपास कोरडी. आणि नऊची बसणार कुठं? पेटीच वेगळ्या मापाची असते. चारच्या जागी पाचची त्याच मापात मिळत असेल तर चालेल, त्यापुढं नको.

घेताना जुन्या बॅटरीचा नंबर मोबाईलवर फोटो काढून ने, त्यातलं प्रत्येक अक्षर जुळलं पाहिजे कारण प्लस डावीकडं की उजवीकडं ते त्यावर ठरतं. उलट बाजूची आली की वायर पुरत नाही, मग दुकानातलं पोरगं बॅटरीच फिरवून बसवायला बघतं आणि एखाद्या दिवशी प्लसला मायनस लागतं, फ्यूज उडाला तर नशीब. बॅटरीवर छापलेली तयार झाल्याची तारीख बघ, सहा महिने दुकानात पडून असलेली घेऊ नकोस. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख तिथंच उभं राहून मारून घे, आणि किती महिने फुकट बदलून मिळणार आणि किती महिने नुसता डिस्काउंट ते विचार, ४८ महिने म्हणतात त्यात हे दोन्ही मिळून असतं. जुनी बॅटरी परत दे, तिचे पैसे वजा होतात. २०२२ च्या बॅटरी वेस्टच्या नियमांनी तसंही ती कचऱ्यात टाकायची नाहीच, आत शिसं आणि ॲसिड आहे.

आणि फॉग लाईट रिलेशिवाय (मोठा करंट बटणातनं न नेता स्वतःतनं नेणारा छोटा स्विच) जोडले असतील तर आधी ते बघ. रात्री यवतेश्वरच्या घाटात लाईट गेली की कळतं.

प्रश्न : साताऱ्यात राहतो. मुलगा पुण्याला नोकरीला, त्याची बुलेट खाली पार्किंगमधे उभी. तो म्हणतो दर रविवारी दहा मिनिटं चालू करून ठेवा म्हणजे बॅटरी चांगली राहते. मी वर्षभर इमानानं केलं तरी बसलीच.

उत्तर : काका, तुमचं चुकलं नाही, सल्ला चुकलाय. उभ्या गाडीला आयडलवर दहा मिनिटं म्हणजे सेल्फला गेलं तेवढंही धड परत येत नाही, वर सायलेन्सरमधे पाणी साठतं ते वेगळंच. एक तर अर्धा तास नीट चालवून आणा, शाहूपुरीतनं निघून हायवेला लागून परत, नाहीतर सरळ मायनसची वायर काढून ठेवा. आणि विचारतो म्हणून रागावू नका, मुलानं त्यात चोरीचा अलार्म किंवा जीपीएस बसवलाय का? हे यंत्र गाडी बंद असतानाही थोडं थोडं खातं. दहा मिलिअँपिअर ऐकायला काहीच नाही पण दिवसाला ते जवळपास पाव एएच होतं, म्हणजे १४ एएचची बॅटरीसुद्धा दोन महिन्यांत रिकामी. उन्हाळ्यात तर काही न जोडतासुद्धा बॅटरी आपोआप जास्त उतरते. वायर काढून ठेवलीत तरी महिन्या-दीड महिन्यानं मीटर लावून बघा, १२.४ च्या खाली आली की चार्जिंगला.

प्रश्न : कराडहून. ॲसिडची बॅटरी घेतली, आठ महिन्यांत गेली. दुकानदार म्हणतो पाणी टाकलं नाही, वॉरंटीत बसत नाही. पाणी तर मी दर पंधरा दिवसांनी टाकत होतो!

उत्तर : दर पंधरा दिवसांनी टाकायला लागत होतं, तिथंच गोम आहे. चांगल्या ॲसिड बॅटरीला महिन्या-दोन महिन्यांनी चमचा-दोन चमचे पाणी लागतं. पंधरा दिवसांत लेव्हल खाली जात असेल तर चार्जिंग जास्त होतंय, रेस देऊन मीटर लावा, १५ च्या वर दिसलं की आरआर युनिट गेलंय असं समजा. ते न बदलता नवीन बॅटरी टाकलीत तर अजून आठ महिन्यांनी पुन्हा मला पत्र लिहाल.

दुसरी शंका अशी की ती दुकानात ॲसिड भरून तशीच तुमच्या हातात दिली असणार. कोरडी बॅटरी ॲसिड भरल्यावर अर्धा तास मुरू द्यायची आणि मग कमी अँपिअरवर पहिलं चार्जिंग पूर्ण करायचं असतं, त्याला काही तास जातात आणि गिऱ्हाईकाला तर गाडी आत्ताच पाहिजे असते. माझ्याच पहिल्या गाडीला एका दुकानात अशीच बसवून दिली, वर कहर म्हणजे ॲसिड बाहेर न्यायचा ब्रीदर पाईप सीटखाली दुमडून ठेवला. महिनाभरात बॅटरी फुगली आणि ॲसिड साईड पॅनेलमागनं चेसिसवर उतरलं, रंगाचे पापुद्रे हातानं निघत होते. तेव्हापासून पाईप खालपर्यंत मोकळा सुटलाय का हे मी वाकून बघतो.

पाणी फक्त डिस्टिल्ड. आरओचं नाही, बाटलीबंद नाही, एसीतनं गळतं ते तर अजिबात नाही. ॲसिड वरनं कधी टाकायचं नाही. सीलबंद बॅटरीवाल्यांनी यातलं काहीच करू नये, तिचं झाकण उचकटलं की ती संपली.

प्रश्न : सांगलीत आमच्याकडं पुराचं पाणी येतं. गाडी बुडाली तर बॅटरीचं काय?

उत्तर : बुडण्याआधीच मायनस काढा, जमलं तर बॅटरीच वरच्या मजल्यावर न्या, तिला तीन-चार मिनिटं लागतात. २०१९ ला पाणी उतरल्यावर गल्लीत गाड्यांची रांग लागलेली, ज्यांची बॅटरी जोडलेलीच राहिली होती त्यांचे वायरिंगचे सॉकेट आतनं हिरवे पडले होते, कारण पाण्यात करंट चालूच होता. पाण्यातनं निघालेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही, आधी इंजिन ऑईल आणि प्लग बघून घ्यायचा. सीलबंद बॅटरी धुऊन वाळवून मोजा, बऱ्याचदा वाचते. ॲसिडवालीत नदीचं पाणी शिरलं असेल तर सोडून द्या.

प्रश्न : कोरेगावला शिक्षिका आहे. स्कूटरच्या बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पावडर येते. सेल्फ कधी लागतो कधी नाही. घरी साफ करता येईल का?

उत्तर : येईल की ताई, पंधरा मिनिटांचं काम आहे आणि तुमचा दोष बहुतेक एवढाच आहे. टर्मिनलचा स्क्रू हातानं हलवून बघा, ढिला असेल तरी सेल्फ असाच लहरीपणा करतो. गाडी बंद, चावी बाहेर. आधी मायनस काढायचा, मग प्लस. पावडरीला बोट लावू नका. गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं टोकं घासा, फसफसून येईल, ते येऊ द्या. ॲसिडवाली असेल तर भोकात सोडा जाता कामा नये. फडक्यानं कोरडं करा, बसवताना उलटा क्रम, आधी प्लस आणि शेवटी मायनस, घट्ट पिळा आणि वरनं व्हॅसलीनचा पातळ हात द्या.

मायनस आधी का, तर चेसिस सगळं मायनसला जोडलेलं असतं. मी शिकत होतो तेव्हा घाईत आधी प्लस सोडायला गेलो आणि पाना चेसिसला टेकला, असा फटाका उडाला की शेजारची चहाची टपरी गप्प झाली. तो दहाचा पाना अजून माझ्या टूलबॉक्समधे आहे, त्याच्या तोंडाला ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा पडलाय, नट धरत नाही तरी टाकवत नाही.