जुन्या काळी समुद्र एवढे गरम होते ते खंडांच्या जागेमुळे की कार्बन डायऑक्साइडमुळे?

दोन्हीमुळे, पण वाटा सारखा नाही. मी बीडकडचा, उसाला पाणी देत मोठा झालो, त्यामुळं तसंच सांगतो. दारं धरणारा माणूस कोणत्या सरीत किती पाणी सोडायचं ते ठरवतो, विहिरीत पाणी किती ते त्याच्या हातात नसतं. खंड म्हणजे दारं धरणारे, उष्णता इकडं वळव, तिकडं अडव. एकूण उष्णता किती टिकणार हे बरंचसं कार्बन डायऑक्साइडवर.

५ कोटी वर्षांपूर्वी खोल समुद्राचं पाणी १० अंशांच्या वर होतं, आज तिथं २-३ अंश असतं (तळाशी राहणाऱ्या फोरॅमिनिफेरा नावाच्या बारीक जिवांच्या कवचातल्या ऑक्सिजनवरून हे कळतं). कॅनडात पार वर एल्समिअर बेटावर तेव्हा मगरीच्या जातीचे प्राणी फिरायचे, आता बोला!

मग ३.४ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर बर्फ बसला. आधी सगळ्यांना वाटायचं की ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका बाजूला सरकले, अंटार्क्टिकाभोवती गोल फिरणारा प्रवाह सुरू झाला आणि उबदार पाणी बाहेरच अडलं, झालं. पण २००३ मध्ये डीकॉन्टो आणि पोलार्ड या हवामान शास्त्रज्ञांनी संगणकावर मॉडेल चालवून दाखवलं की समुद्राचं दार (खंडांमधली ही वाट) उघडं असो नाहीतर बंद, कार्बन डायऑक्साइड पुरेसा उतरला की बर्फ साठतोच, दारामुळं वेळ थोडी मागंपुढं होते एवढंच.

आता खरी गंमत. खंड सरकले की हवेतला कार्बन डायऑक्साइडच कमीजास्त होतो. आपल्या पायाखालचा काळा दगड, ज्यात वेरूळ-अजिंठा कोरलंय, तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि तेव्हा भारत विषुववृत्ताच्या खाली होता. वर सरकताना हा एवढा मोठा बेसॉल्ट (म्हणजे हाच काळा दगड) विषुववृत्ताच्या धो धो पावसाच्या पट्ट्यात आला. पावसात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बेसॉल्टला खातो, कॅल्शियम सुटून नदीतून समुद्रात जातं, तिथं चुनखडी होऊन तळाशी बसतं, म्हणजे तेवढा वायू हवेतून गेला तो गेलाच. पुढं समुद्र थंड होत गेले त्यात या झिजेचा हात असावा असं केंट आणि मुटोनी या भूशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये मांडलं, आणि मला ते पटतं. एकटा आपला दगड पुरला असेल असं मात्र नाही, हिमालयाची झीज वगैरेवरही वाद चालूच असतात.

आमच्या बोअरच्या पाण्यानं हीटरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना, तो बहुतेक हाच चुनखडीचा माल, समुद्रात जायच्या ऐवजी आमच्या बादलीत अडकलेला.