येरेवानला येताय? आधी अक्षरं गिरवा

तुम्ही विचारलंत: नवऱ्याला येरेवानला नोकरी मिळतेय, मुलगा आठ वर्षांचा आहे, इंग्रजीवर भागेल का, की आर्मेनियन शिकावीच लागेल? व्हिसा आणि रेसिडेन्स कार्डाचं सगळं सरकारी साइटवर आहे, त्यात मी पडत नाही. पण भाषेचं वाचलं आणि माझंच बरंच काही वर आलं.

भागतं. ऑफिसात इंग्रजी, टॅक्सीत नि बाजारात मोडकं रशियन. कित्येकजण वर्षानुवर्षं असेच राहतात. पण घरमालकीण आणि शाळेतल्या बाई आपल्यासमोरच आपल्याबद्दल काय बोलल्या ते कळत नाही, याचा फार त्रास होतो. म्हणून निघायच्या आधी लिपी शिका. मेस्रोप माश्तोत्सने 405 साली 36 अक्षरं घडवली, आज शाळेत 39 शिकवतात. व्याकरणात लिंग नाही आणि विभक्तीचे प्रत्यय आपल्यासारखेच शब्दाला चिकटतात. उच्चारांत तर आपली चंगळ आहे. प आणि 'फळ'मधला फ, त आणि थ, क आणि ख वेगवेगळे. 'चमचा'तला च निराळा, 'चहा'तला निराळा, आणि दोघांना स्वतंत्र अक्षरं! रशियन माणसं इथे अडखळतात, आपण नाही.

मात्र जे शिकाल ती पूर्व आर्मेनियन. आमच्या शेजारच्या आजी युद्धामुळे सिरियातल्या अलेप्पोहून आल्या, त्यांची पश्चिम आर्मेनियन. आपण 'बारेव' म्हणायचं, त्या 'पारेव' म्हणतात. इथला पेत्रोस त्यांच्या तोंडी बेद्रोस होतो. त्यांची पुस्तकं जुन्या शुद्धलेखनात, कारण सोव्हिएत काळात 1922 मध्ये इथलं बदललं. युनेस्कोने त्यांची भाषा धोक्यात आलेल्यांच्या यादीत घातलीय आणि त्यांची नातवंडं शाळेमुळे इथलीच बोलतात. अझरबैजानमधल्या काराबाख भागातल्या आर्मेनियन लोकांची बोली आणखी वेगळी. 2023 मध्ये तिथून लाखभर माणसं आली. ती आपापसात बोलू लागली की येरेवानवालेही गप्प होतात.

आता कागद. आमचं आडनाव कुलकर्णी. आर्मेनियनमध्ये क दोन, एक साधा नि एक हवा सोडून म्हणायचा. एका भाषांतरकाराने जन्मदाखल्यावर पहिला लिहिला, दुसऱ्याने पासपोर्टच्या भाषांतरात दुसरा. खिडकीवरची बाई म्हणाली, ही दोन माणसं आहेत. पुन्हा भाषांतर, पुन्हा नोटरी, पुन्हा फी. आजींच्या पश्चिम आर्मेनियनमध्ये साधा क म्हणजे ग, म्हणून त्यांनी तो पहिला कागद वाचला तो 'गुलगार्नी' असा, आणि पोट धरून हसल्या. तुम्ही एकाच भाषांतरकाराकडून सगळं करून घ्या आणि स्पेलिंग फोनमध्ये ठेवा.

मुलाचं. आमचा तिसरी करून आला होता. भाषा येत नाही म्हणून शाळेने आम्हाला न विचारता पहिलीत बसवला. वीसपर्यंत पाढे पाठ असलेलं पोर एक अधिक दोन करत बसलं. बोलायला गेलो तर उत्तर एकच, आधी अक्षरं. पहिलीची अक्षरं पूर्ण झाली की समारंभ असतो, मग मुलांना ओशाकानला माश्तोत्सच्या समाधीपाशी नेतात. फोटोत छातीवर अक्षर लावलेला माझा मुलगा सगळ्यांपेक्षा वीतभर उंच दिसतो. बाईंना त्याचं कोण कौतुक! मीही टाळ्या वाजवल्या. त्याची तीन वर्षं गेली ती गेलीच, आणि हे मला अजून सलतं.

भाषा मात्र त्याला अशी आली की आता बहिणीशी भांडतो तेही आर्मेनियनमध्ये. फोनवर त्याची आजी मराठीत काही विचारते तेव्हा आधी माझ्याकडे बघतो. मराठी वाचायला बसवलं की जांभया. हे मला हवं होतं की नव्हतं, विचाराल तर रोज उत्तर वेगळं येतं. परतायचं का, यावर आम्ही दोघं हल्ली बोलतच नाही.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, जातो. थंडीत जास्त येतो, तेव्हा भाषेचा क्लास लावा. गप्पांना विषय हवा असेल तर सांगा की आर्मेनियन भाषेतलं पहिलं नियतकालिक, 'अझ्दारार', 1794 साली मद्रासला छापलं. कॉफी आलीच समजा.

आणि प्रवेश घेताना मुलाला कोणत्या वर्गात बसवणार ते शाळेकडून लेखी घ्या. तोंडी नको.