‘सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय?’ : वाचकांची प्रश्नोत्तरे

यावेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: हिब्रू शास्त्रातला, म्हणजे यहुद्यांच्या तनाखातला आणि ख्रिस्ती लोकांच्या जुन्या करारातला देव नीतीने वागतो का? पुस्तकांची नावे मराठी पवित्र शास्त्रातली घेतली आहेत. उत्तर वाचताना ते शेजारी उघडून ठेवा.

प्रश्न : अनुवाद २०:१६-१७ मध्ये, देवाने इस्राएलाला देऊ केलेल्या कनान देशातल्या शहरांत कोणालाही जिवंत ठेवू नका, अशी आज्ञा आहे. आमच्या मंडळात एक गट याला सरळ वंशसंहार म्हणतो. दुसरा गट म्हणतो, ही त्या काळच्या युद्धाची फुगवलेली भाषा आहे. कोणाचे बरोबर?

दोन्ही गट वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत, म्हणून वाद मिटत नाही. आधी तीन प्रश्न सुटे करा. हे खरोखर घडले का? मजकूर नेमके काय म्हणतो? आणि अशी आज्ञा देणाऱ्याला न्यायी म्हणायचे का? पहिल्याचे उत्तर तिसऱ्याला चिकटवले की चर्चा घसरते.

घडले का, याचा पुरावा दुबळा आहे. कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात यरीहोला उत्खनन केले. तिथल्या तटबंदीच्या शहराचा नाश त्यांनी इ.स.पू. १५५० च्या सुमाराचा ठरवला. मोशेनंतर इस्राएलाला कनानात नेणाऱ्या यहोशवाची मोहीम ज्या काळात धरली जाते, त्या काळची तटबंदी त्यांना सापडली नाही.

आता मजकूर. यहोशवा १०:३६-३९ मध्ये हेब्रोन आणि दबीर इथला एकही जीव उरत नाही. पाच अध्याय पुढे, १५:१३-१५ मध्ये, कालेब त्याच हेब्रोनातून लोकांना हुसकावतो आणि दबीरवर चालून जातो. शास्ते १ मध्ये तर न हुसकावलेल्यांची लांबलचक यादीच आहे. अनुवाद ७ सावकाश वाचा. दुसऱ्या वचनात ‘समूळ नाश’ करायला सांगितले आहे आणि तिसऱ्यात ‘त्यांच्याशी सोयरीक करू नका’ असे बजावले आहे. सगळे मेले असतील तर सोयरीक कोणाशी?

‘समूळ नाश’ या शब्दामागे हिब्रूत ‘हेरेम’ आहे: माणसाच्या वापरातून काढून देवाला वाहून टाकणे. हाच धातू मोआबाचा राजा मेशा याच्या शिलालेखात येतो. तो लेख इ.स.पू. नवव्या शतकातला आहे, १८६८ साली धीबान इथे सापडला आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. नबो हे इस्राएली गाव आपण असेच वाहून टाकले, सात हजार जण मारले आणि इस्राएल कायमचा संपला, असे मेशा म्हणतो. इस्राएल त्यानंतरही शंभराहून अधिक वर्षे टिकला. तेव्हा फुगवलेल्या भाषेचा मुद्दा भक्कम आहे.

पण तिसरा प्रश्न जागच्या जागीच राहतो. १ शमुवेल १५:३ मध्ये, मारायच्या लोकांत, अमालेक या शत्रू जमातीच्या तान्ह्या मुलांचा वेगळा उल्लेख आहे. ती आज्ञा इस्राएलाचा पहिला राजा शौल याने अर्धवट पाळली, हेच त्याचे राज्य जाण्याचे कारण दिले आहे. मजकूर अतिशयोक्त असला तरी त्यात आदर्श म्हणून काय मांडले आहे, हे झाकता येत नाही. ‘कनानी लोक दुष्टच होते’ हे उत्तर (अनुवाद ९:४-५) मोठ्यांपुरते कदाचित चालेल, पाळण्यातल्या मुलापाशी ते थांबते.

हे अडखळणे आजचे नाही. रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मशिक्षकांच्या चर्चांचा संग्रह असलेल्या तालमूदातल्या योमा या भागात (२२ब) शौलच विचारतो: मोठ्यांनी पाप केले, लहानांनी काय केले? आकाशवाणी होते, ‘अति नीतिमान होऊ नकोस.’ पुढे तोच शौल नोब गावच्या याजकांना मारायला सांगतो, तेव्हा आकाशवाणी होते, ‘अति दुष्ट होऊ नकोस.’ पहिल्या वेळी शौलाला गप्प केले जाते, उत्तर मिळत नाही. तरीही रब्बींनी तो प्रश्न पुसून टाकला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. व्यवहारात त्यांनी आज्ञेची धारच काढून घेतली. बाराव्या शतकात यहुदी धर्मपंडित मैमोनिदीसने लिहिले, की तहाचा प्रस्ताव दिल्याशिवाय कोणाशीही युद्ध करायचे नाही, आणि ती सात कनानी राष्ट्रे तर केव्हाच नामशेष झाली आहेत.

प्रश्न : इस्राएलाला गुलामीतून सोडू नये म्हणून मिसरच्या राजाचे, फारोचे मन देवानेच कठीण केले, मग शिक्षा फारोला का? चर्चेत ‘देवाने पाठवलेल्या दहा पीडांपैकी पहिल्या पाच पीडांत फारो स्वतः हट्ट करतो, पुढे देव त्याचे मन कठीण करतो’ असे उत्तर मिळते. ते पुरेसे आहे का?

अर्धे बरोबर आहे. निर्गम ७ ते ११ या अध्यायांत पेन्सिल घेऊन प्रत्येक ‘मन कठीण’पुढे कर्ता लिहा. पहिल्या पाच पीडांनंतर मन कठीण ‘झाले’ किंवा फारोने ‘केले’, असे येते. देव कर्ता म्हणून सहाव्या पीडेत येतो (९:१२). पण सातव्या पीडेनंतर पुन्हा फारोच कर्ता आहे (९:३४). शिवाय ‘मी त्याचे मन कठीण करीन’ हे देव पहिल्या पीडेच्या आधीच सांगून ठेवतो (४:२१, ७:३). पाच-पाचची सुबक वाटणी इथे फाटते.

हिब्रूत इथे तीन धातू आहेत: घट्ट किंवा बळकट करणे, जड करणे, कठीण करणे. बहुतेक वचनांत पहिला आहे. त्यावरून सोळाव्या शतकातला इटालियन यहुदी भाष्यकार स्फोर्नो म्हणतो, की देवाने फारोला बळ दिले, म्हणजे केवळ भीतीपोटी तो शरण येऊ नये आणि त्याची निवड त्याचीच राहावी. मैमोनिदीसचे मत उलट आहे: पाप एवढे साचते की पश्चात्तापाची वाट बंद होणे हीच शिक्षा ठरते. मला मैमोनिदीस मजकुराच्या जास्त जवळचा वाटतो. देवाची ‘चिन्हे’ वाढावीत म्हणून मन कठीण केले, असे १०:१ मध्ये उघड म्हटले आहे. तिथे फारोच्या स्वातंत्र्याची काळजी दिसत नाही.

मात्र सगळी चर्चा फारोच्या मनावरच खर्ची घालू नका. ११:५ मध्ये जात्यामागे बसलेल्या दासीचा थोरला मुलगा मरणार आहे आणि १२:२९ मध्ये अंधारकोठडीतल्या कैद्याचा मरतो. फारोच्या हट्टात त्यांचा हात कुठे होता? खरी अडचण इथे आहे, आणि मनाविषयीचा कोणताही सिद्धान्त तिच्यापर्यंत पोचत नाही.

प्रश्न : बापाच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत (निर्गम २०:५) आणि ‘मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही’ (यहेज्केल १८:२०). एकाच ग्रंथात दोन्ही कसे?

कारण मधल्या काळात लोकांनी हा प्रश्न खरोखर भोगला. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले. जे उरले त्यांचे म्हणणे विलापगीत ५:७ मध्ये आहे: पाप वाडवडिलांनी केले, ते गेले, ओझे आमच्या माथी. कैद करून बाबेलात नेलेल्यांच्या तोंडी एक म्हण होती: बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात मुलांचे आंबले. कच्ची कैरी खाऊन दात आंबलेल्या मराठी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. यहेज्केल हा संदेष्टा ती म्हणच बंद करायला सांगतो.

दोन्ही वचनांचा मेळ घालण्याचा जुना मार्ग असा: मुलांनीही बापाचेच पाप चालू ठेवले तरच शिक्षा. पण चोरीबद्दल आखानासोबत त्याची मुलेही मारली जातात (यहोशवा ७) आणि दावीद राजाच्या पापासाठी त्याचे अर्भक मरते (२ शमुवेल १२), तिथे तो मार्ग टिकत नाही. अनुवाद २४:१६ चा दाखलाही जपून द्या. ते वचन माणसांच्या न्यायालयासाठी आहे, देवाच्या वागण्याविषयी नाही. तालमूद मक्कोथ भागात (२४अ) जास्त स्पष्ट बोलतो: मोशेने ठरवले, यहेज्केलाने येऊन ते रद्द केले.

प्रश्न : जुन्या करारातला देव रागीट आणि नव्यातला प्रेमळ, असे म्हणून मोकळे व्हावे का?

होऊ नये. दुसऱ्या शतकात मार्कियन या ख्रिस्ती शिक्षकाने नेमके हेच मांडले आणि इ.स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे वचन लेवीय १९:१८ चे आहे आणि येशू ते तिथूनच घेतो. त्याच अध्यायात, ३४ व्या वचनात, परक्यावरही तशीच प्रीती करायला सांगितले आहे. उलट नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये ५ मध्ये पैशांबद्दल खोटे बोललेले हनन्या आणि सप्पीरा हे नवरा-बायको जागीच मरून पडतात. या सोप्या वाटणीने शतकानुशतके यहुद्यांच्या द्वेषाला खतपाणी घातले आहे, म्हणून ती निरुपद्रवीही नाही.

प्रश्न : शास्त्र लिहिणाऱ्यांनाच देवाचे वागणे खटकले, असे दाखवणारे उदाहरण आहे का?

दाविदाची शिरगणती. २ शमुवेल २४:१ मध्ये दाविदाला ती करायला परमेश्वरच उद्युक्त करतो आणि मग त्याबद्दल सत्तर हजार लोक मरीने मरतात. तीच गोष्ट नंतर लिहिलेल्या १ इतिहास २१:१ मध्ये सुरू होते, तेव्हा उद्युक्त करणारा सैतान आहे. दोन्ही अध्याय शेजारी ठेवून वाचा, यापेक्षा वेगळे काही करावे लागत नाही.

प्रश्न : या विषयावर दीड तासाची चर्चा ठेवायची आहे. दहा-बारा जण असू. कोणता उतारा घ्यावा?

दोन घ्या, दोन्ही उत्पत्तीतले आणि दोन्हींत अब्राहाम: १८:१६-३३ आणि २२:१-१९. पहिली वीस मिनिटे नुसते मोठ्याने वाचन, भाष्य नाही.

पहिल्यात देव सदोम शहराचा नाश करायला निघतो आणि तिथे किती नीतिमान असले तर ते वाचेल, यावर अब्राहाम घासाघीस करतो: पन्नास, पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस, दहा. ‘सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय?’ हा प्रश्न त्याचाच. म्हणजे देवाला न्यायाच्या मापाने मोजण्याची परवानगी शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकात आहे. नास्तिक सभासदाला हे आधी सांगा आणि श्रद्धाळू सभासदालाही, म्हणजे प्रश्न विचारणारा उद्धट ठरत नाही.

दुसऱ्यात तोच माणूस स्वतःच्या मुलाला, इसहाकाला, होमबली द्यायला निघतो आणि देवाशी चकार शब्दाने वाद घालत नाही. का? लोक लगेच ‘श्रद्धा’ किंवा ‘क्रूरता’ म्हणून थांबतील. तेव्हा त्यांना शब्दांकडे वळवा. मराठी भाषांतरात हिब्रू एलोहिमसाठी ‘देव’ आणि देवाच्या चार अक्षरी खास नावासाठी ‘परमेश्वर’ येते. आज्ञा ‘देव’ करतो, हात ‘परमेश्वराचा’ दूत थांबवतो. त्यानंतर उत्पत्तीत देव अब्राहामाशी स्वतः पुन्हा बोललेला दिसत नाही. आणि १९ वे वचन: अब्राहाम चाकरांकडे परत येतो, सगळे मिळून बैर-शेब्याला जातात. इसहाकाचे नाव तिथे नाही. तो कुठे आहे, हे गटाला विचारा आणि शेवटची वीस मिनिटे त्यासाठीच राखून ठेवा.