पाऊस मायनसमध्ये कसा गेला?

प्रश्न : ताई, मी कळव्याला राहतो, डेटा सायन्सचा कोर्स चालूय. प्रोजेक्टला ठाण्याच्या रोजच्या पावसाचे वर्षभराचे आकडे घेतलेत, मिलिमीटरमध्ये. मोठे आकडे आवळायला पायथनच्या नमपाय पॅकेजमध्ये लॉग घेतला तर अर्ध्याहून जास्त ओळींत मायनस इन्फिनिटी, मग सायकिट-लर्न पॅकेजचा पॉवर ट्रान्सफॉर्मर (एकीकडे झुकलेले आकडे समतोल करणारं साधन) लावला तर पाऊस चक्क मायनसमध्ये गेला! शेवटी लॉगचाच एक प्रकार, लॉग-वन-पी, वापरलं, पण त्याची सरासरी परत फिरवून महिन्याचा पाऊस काढला की फारच कमी येतो. पॅकेजमध्ये बग आहे का?

उत्तर : बग नाही रे, पॅकेज बिचारं सांगितलं तेवढंच करतंय. आपल्याकडे नोव्हेंबर ते मे बहुतेक दिवस शून्य, आणि शून्याचा लॉग निघतच नाही. असे झुकलेले आकडे समतोल करणारी १९६४ची बॉक्स-कॉक्स पद्धतही शून्यापाशी अडते, तिला सगळे आकडे शून्याच्या वरचेच लागतात. म्हणून २०००मध्ये शून्यही चालणारी यिओ-जॉन्सन पद्धत आली, वेगळं काही सांगितलं नाहीस तर तुझा ट्रान्सफॉर्मर तीच वापरतो आणि वर सगळ्याची सरासरी शून्यावर आणून ठेवतो, म्हणजे मायनस म्हणजे फक्त सरासरीच्या खाली, घाबरू नको.

लॉग-वन-पी म्हणजे आधी एक मिळवायचा मग लॉग. २६ जुलै २००५चे सांताक्रूझचे ९४४ मिमी घेतले तर होतात ६.८५ आणि साध्या १० मिमीचे २.४, म्हणजे तो राक्षस दिवस न खोडता ग्राफमध्ये मावतो. लोक असे दिवस चूक समजून उडवतात, मला ते अजिबात पटत नाही.

आता तुझी खरी गडबड. तीन दिवस धर, पाऊस ०, १० आणि १००. बेरीज ११०, सरासरी साधारण ३७. लॉग-वन-पी करून सरासरी काढ आणि एक्स्पएम-वनने, म्हणजे त्याच्या उलट क्रियेने, परत आण, येते ९.४, गुणिले तीन म्हणजे २८! ११०चे २८ झाले आणि गणित कुठेच चुकलं नाही, कारण लॉगमधली सरासरी परत आणली की ती गुणाकाराच्या जातीची सरासरी होते, मोठ्या पावसाचं वजनच खाऊन टाकते. एकेक आकडा परत फिरवलास तर मात्र बरोबर जुनाच येईल, करून बघ. बेरीज नेहमी मूळ मिलिमीटरवरच घे.

आणि हो, आकडे बदलणारं असं कुठलंही ट्रान्सफॉर्म लाव, शून्यांचा ढीग एका जागी ढीगच राहणार, म्हणून मी तर आधी पाऊस पडला की नाही हे वेगळं बघते आणि पडलेल्या दिवसांवरच लॉग लावते, तिथे साधा लॉगही चालतो.